मोरू टेलरची शिलाई

पेणच्या रामवाडीत हायवेला लागून गाळ्यांची जी रांग आहे, तिच्यात शेवटून दुसरा गाळा मोरू टेलरचा. शर्ट-पँट शिवणारे पेणमध्ये पन्नास असतील, पण फौजेतली मेडलं रिबिनीसकट छातीवर लावण्याजोगी करून देणारा अख्ख्या तालुक्यात आपण एकटे, असं मोरू येईल त्याला सांगायचा. पंचवीस-तीस वर्षं ते खरंही होतं. मग रोह्याला धनेश उगवला, आणि तेव्हापासून मोरूच्या पोटात जे दुखायला लागलं, ते काही केल्या थांबेना.

बरं, हा धनेश कोण मोठा लागून गेला? धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला जाणारा माणूस. वय चाळीस. फौजेचं तोंड पाहिलेलं नाही, सुईत दोरा ओवायला चष्मा लागतो. घरात चुलत आजोबांची मेडलं सापडली, म्हणून त्याला नाद लागला. सुट्टीच्या दिवशी भिंग घेऊन बसायचा, पुस्तकं मागवायचा, मोबाईलवर परदेशातल्या लोकांना फोटो पाठवून विचारायचा. आणि चार वर्षांत लोक म्हणायला लागले, मेडलं दाखवायची तर धनेशलाच दाखवावीत.

मोरूनं काय केलं होतं ते ऐका. बेळगावला पलटणीच्या सेंटरात एकोणीस वर्षं टेलर. कुठलं मेडल आधी, कुठलं मागाहून, रिबिनीची घडी किती, आणि त्या रिबिनीवर जी बारकी धातूची चिन्हं असतात, तारा, पट्टी, पान, ती नेमकी कुठं आणि कशी बसवायची, हे त्यानं उस्तादाच्या शिव्या खाऊन शिकलेलं. चिन्ह असली का नकली हे तो नखानं वाजवून सांगायचा. पाठ बघायचा, तारा कशा वळल्यात ते बघायचा, आणि मग नाकानं ‘हूं’ करायचा. त्या एका ‘हूं’साठी वडखळपासून लोक येत.

आता तेच लोक त्याच्या गाळ्यावरून एसटीनं रोह्याला जात होते. सुभेदार हैबतरावाची तर हद्दच झाली. माणूस वीस वर्षं दर सव्वीस जानेवारीच्या आधी मेडलं घेऊन यायचा, चहा प्यायचा. यंदा दारावरून गेला तो काखेत काचेची फ्रेम घेऊन. मोरूनं हाक मारली तेव्हा मोठ्या कौतुकानं दाखवली. मखमल, काच, खाली छापील नाव. धनेशचं काम. मोरूनं फ्रेम हातात घेतली आणि पाच मिनिटं नुसती चूक शोधली.

रात्री जेवताना म्हणाला, “घडी सूतभर जास्त हाय.”

बायको नूतन म्हणाली, “कुणाची?”

“त्या धनेशची. रिबिनीची.”

“मग त्याच्या सूतभर घडीपायी तुमची भाकरी का ऱ्हायलीय ताटात? खा की.”

“तुला काय कळतंय गो त्यातलं!”

“मना रिबिनीतलं नाय कळत. तुमच्यातलं कळतं,” नूतन म्हणाली आणि आमटीचं पातेलं उचलून आत गेली.

आणखी वाईट म्हणजे धनेश माणूस गोड. एकदा पेढे घेऊन गाळ्यावर आला, वाकून पाया पडला, आणि विचारलं, “मामा, या दोन रिबिनींत आधी कुठली लावू?” मोरूच्या अंगाचा असा तिळपापड झाला की त्यानं मुद्दाम उलटं सांगितलं. महिन्याभरानं ते काम कुणाकडे तरी पाहिलं, तर रिबिनी बरोबर लावलेल्या. पोरानं पुस्तकात पाहिलं असणार. पण पुढं भेटला तेव्हा त्याबद्दल चकार शब्द नाही, वर पुन्हा पाया पडला. मोरूला वाटलं, याच्यापेक्षा शिवी दिली असती तरी परवडलं असतं.

डिसेंबरच्या शेवटी बातमी आली की गिरजाबाईनं बापाची मेडलं धनेशकडे दिली. ती ऐकून मात्र मोरूला जळायचंही सुचेना. त्याच्या पायाखालची जमीन सरकली.

गिरजाबाईचा बाप बाबाजी नाईक. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेला. लढाईच्या अहवालात वरच्या साहेबानं एखाद्याचं नाव घेऊन त्याची कामगिरी लिहिली, तर त्या माणसाला वेगळं मेडल मिळत नसे. मिळे ते कांस्याचं एक बारकं ओकचं पान. करंगळीच्या नखापेक्षा थोडं मोठं. युद्धाच्या मेडलाची लाल-निळी-पांढरी रिबीन असते, तिच्यावर ते लावायचं. मेडलं हजारोंना मिळाली, पान मोजक्यांना. बाबाजीच्या छातीवर ते होतं, आणि त्या पानामुळंच त्याच्या गावात त्याला नावापुढं ‘नाईक’ लावल्याशिवाय कुणी हाक मारत नसे.

बाबाजी वारला. त्याच्या वर्षश्राद्धाला फोटोपुढं मेडलं मांडायची होती, म्हणून गिरजाबाईचा भाऊ गणेश ती मोरूकडे घेऊन आला. ही एकोणीसशे नव्याण्णवची गोष्ट. रिबिनी कुजल्या होत्या, त्या बदलायच्या. मोरूनं पान काढलं, मशीनच्या फळीवर ठेवलं, आणि एका गिऱ्हाइकाची कंबर मोजायला उठला. परत येऊन बघतो तर पान नाही. गाळा झाडला, मशीन हलवलं, कचरा चाळला, चपला उलट्या करून पाहिल्या. पान नाहीच. परवा वर्षश्राद्ध.

तेव्हा मोरूनं आयुष्यातलं एकच लबाडीचं काम केलं. सायकल काढली आणि हमरापूर गाठलं. तिथं गणपतीच्या दागिन्यांचे साचे कोरणारा एक म्हातारा कारागीर त्याच्या ओळखीचा होता. मोरूनं कागदावर पान काढून दिलं, म्हाताऱ्यानं पितळी पत्र्यातून ते कापलं, शिरा कोरल्या. पाठीला दोन टाचण्या झाळून घेतल्या. घरी येऊन मोरूनं नवसागर लावून पान काळवंडवलं आणि नव्या रिबिनीवर बसवलं. टाचण्या दिसू नयेत म्हणून मागून खाकी कापडाची पट्टी लावली आणि चारी बाजूंनी बारीक टाक्यांनी बंद करून टाकली. गणेश ते घेऊन गेला. जाताना म्हणाला, “मोरूभाऊ, बापूस जिता झाल्यासारका वाटतो.”

आठ महिन्यांनी मशीनचा खण बदलायला काढला, तर खरं पान मागच्या फटीत. मोरूनं ते उचलून हातात घेतलं. त्याच दिवशी नेऊन द्यायचं ना? पण मग सांगावं लागलं असतं. उद्या देऊ, गणपतीनंतर देऊ, शिमग्याला देऊ, असं करता करता गणेश वारला. पान हुकांच्या डबीत राहिलं ते राहिलंच.

आणि आता ती मेडलं भिंगवाल्याच्या हातात. गावच्या शाळेत बाबाजी नाईकाची फ्रेम लागणार होती, म्हणून गिरजाबाईनं ती दिली होती. मोरूला तीन दिवस जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी हैबतराव आला आणि म्हणाला, “मोरू, धनेशनं त्या पानाचा निकाल दिला. शंभर टक्के ओरिजिनल म्हणतो. रविवारी रोह्याच्या मेळाव्यात सगळ्यांना समजावून सांगणार हाय.”

सुटलो, असं मोरूला वाटलं. अर्धा तास तर त्याला गाणं गुणगुणावंसं वाटलं. मग हळूहळू डोक्यात शिरायला लागलं. अरे! म्हणजे या गाढवाला ओळखता आलं नाही! हमरापूरचं पितळ याला विलायतेचं कांस्य वाटलं! एवढी भिंगं, एवढी पुस्तकं, एवढे पेपरात फोटो, आणि माझ्या एका पानानं याला आडवा केला! मी जिंकलो, आणि हे जगात फक्त मला ठाऊक आहे!

हे शेवटचं फार वाईट होतं. जिंकल्याचं कुणाला सांगता येत नाही म्हणजे काय, ते मोरूनं पुढचे चार दिवस भोगलं. कपडा कापताना एकटाच हसायचा, मग एकटाच चिडायचा. नूतननं विचारलं, “बरं नाय काय?” तर अंगावर धावून गेला. शनिवारी त्यानं हुकांची डबी उघडली, खरं पान काढलं, रुमालात बांधलं आणि खिशात घातलं. कशाला, ते त्यानं स्वतःलाही विचारलं नाही.

रविवारी सकाळच्या गाडीनं तो रोह्याला गेला. माजी सैनिकांचा मेळावा एका हॉलमध्ये होता. शे-दीडशे माणसं, टोप्या, कडक इस्त्रीचे कोट. पुढच्या रांगेत गिरजाबाई बसलेली. वय ऐंशीच्या पुढं, नऊवारी, हातात काठी. टेबलावर बाबाजीची मेडलं, आणि त्यांच्यामागं पडद्यावर पानाचा हा एवढा मोठा फोटो.

धनेश बोलायला उभा राहिला. बोलतोही चांगला, मोरूनं मनात दात-ओठ खाल्ले.

“आपल्याकडं गौरी-गणपती आले की तांब्या-पितळेची भांडी चिंचेनं, राखेनं घासायला काढतात,” धनेश म्हणाला. “आणि आपल्या आयाबहिणी त्याच बैठकीत मेडलंही घासून काढतात. गिरजाआजी, तुम्ही घासायचात ना?”

“तर! बापूस होता तवर हात लावू देत नव्हता, तो गेल्यापासून दर साली,” गिरजाबाई म्हणाली. “रिबिनीला फडका गुंडाळायची अन पान आंगठ्यानं चोळायची. बापसाचा हाय ना तो.”

हॉलमध्ये हसू फुटलं.

“बघा,” धनेश म्हणाला. “म्हणून आपल्या भागातलं असली पान ओळखायची माझी खूण ठरलेली आहे. बाहेरून विकत आणलेल्या नकलेच्या शिरा कडक असतात. घरात वर्षानुवर्षं नांदलेल्या पानाच्या शिरा बुजलेल्या असतात, रंग उडालेला असतो. हे पान बघा. शिरा जवळजवळ गेल्यात. हे असली आहे.”

टाळ्या पडल्या. त्या टाळ्या मोरूच्या कानात उकळतं तेल ओतल्यासारख्या गेल्या. पुढं काय झालं ते त्यालाही नीट सांगता येणार नाही. तो उभा होता आणि ओरडत होता.

“खोटं हाय! नकली हाय ते पान! ह्याला काय कळत नाय! असली हे बघा, माझ्या खिशात हाय!”

सगळ्या माना वळल्या. मोरूनं रुमालाची गाठ सोडली. त्यानं पान टेबलावर ठेवलं. हैबतराव अध्यक्ष होता. त्यानं ते उचललं, डोळ्यांजवळ नेलं आणि पुढच्या रांगेत फिरवलं. शिरा कडक, कडा धारदार. पंचवीस वर्षं डबीत पडलेल्या पानाला चिंच कोण लावणार? आत्ताच धनेशनं सांगितलेली नकलेची खूण अगदी तशीच्या तशी.

एक जण हसला. मग चार हसले.

“मोरू,” हैबतराव म्हणाला, “पोटदुखी घरी ठेवून यायची रे. एवढ्या लोकांत नाय आणायची.”

असली पान हातात असून हसं झालं होतं! मोरूच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की भीती, लाज, सगळं उडून गेलं. “मागची पट्टी उसवा!” तो ओरडला. “पाठ बघा त्या पानाची! भिंगवाल्यानं पाठ बघितली का विचारा!”

सगळे धनेशकडे बघायला लागले.

“नाही बघितली,” धनेश म्हणाला.

“का नाय बघितली? पहिली पाठ बघायची असते! हे पण ठाऊक नाय?”

“ठाऊक आहे, मामा. पण त्याच्यावर तुमची शिलाई होती. असे टाके जिल्ह्यात दुसऱ्या कुणाचे नाहीत. मी म्हटलं, मोरूमामांनी बंद केलंय म्हणजे आत सगळं बरोबरच असणार. तुमची शिलाई मी कशी उसवू?”

मोरूला आत्ता इथंच थांबता आलं असतं. ‘म्हातारा झालो, चुकलो’ म्हणून पान खिशात घालून घरी जाता आलं असतं. लोक दोन दिवस हसले असते आणि विसरले असते. पण धनेश तिथं उभा होता, सगळ्यांच्या नजरेत आणखी चांगला होऊन, आणि तेच मोरूला सोसलं नाही.

“उसव,” तो म्हणाला. “माझी हाय ना? मी सांगतो, उसव.”

धनेशनं कात्रीच्या टोकानं एकेक टाका तोडला. खाकी पट्टी उचलली. खाली दोन टाचण्या, गंजून लाल झालेल्या, आणि रिबिनीवर गंजाचे दोन डाग. धनेशनं पुढच्या रांगेतून मोरूचं पान मागून घेतलं आणि उलटं केलं. त्याच्या पाठीला पानाच्याच धातूच्या दोन चपट्या तारा, जुन्या घडीवर वाकलेल्या. भिंग न लावताही कुणालाही दिसेल असं.

“मोरूमामांचं बरोबर आहे,” धनेश म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. टाचण्या सरळ करून त्यानं ते पान रिबिनीवरून काढून ठेवलं. “मी चुकलो. हे नकली आहे.”

हे ऐकायला मोरूनं किती वर्षं वाट पाहिली होती! क्षणभर त्याला छाती फुगल्यासारखी वाटलीसुद्धा. तेवढ्यात गिरजाबाईची काठी फरशीवर वाजली.

“मोरू,” ती म्हणाली. “मग माझ्या बापसाचा पान तुझ्या खिशात कसा रं?”

आता सांगावं लागलं. मशीनची फळी, गिऱ्हाइकाची कंबर, हमरापूर, नवसागर. मोरू खाली बघत सगळं बोलला.

“गावला कवा तो तुला?” गिरजाबाईनं विचारलं.

“आठ महिन्यांनी.”

“तवा गणेश होता.”

“होता.”

“सात वर्सं होता तो त्यानंतर. दर पंधरा आगस्टला छातीच्या उजव्या अंगाला मेडलं लावून शाळंत जायचा. पोरांना पान दाखवायचा. पितळ दाखवायचा.” गिरजाबाईनं काठी दोन्ही हातांत धरली. “तवा का नाय आणून दिलास?”

मोरू रिकाम्या रुमालाला पुन्हा गाठ मारायला लागला.

“अन आज आणलास, तो माझ्यासाठी आणलास व्हय?”

‘व्हय’ म्हणायला काय जात होतं? एवढा एक शब्द म्हटला असता तर म्हातारी विरघळली असती. लोक म्हणाले असते, उशिरा का होईना, कबूल केलं बिचाऱ्यानं. मोरूनं मान वर केली. धनेश हातात रिकामी रिबीन घेऊन उभा होता.

“नाय,” मोरू म्हणाला. “त्याला खाली बघायला लावायचा होता.”

गिरजाबाई ओरडली नाही, रडली नाही. “खरं बोललास,” एवढंच म्हणाली. मग टेबलाकडं वळली. “धनेश, आता तो पान लाव जागेवर. माझ्या डोळ्यांसमोर लाव.”

“आजी,” धनेश म्हणाला, “मामांनाच लावू द्या. हात त्यांचाच चांगला आहे. मी तर चुकलोय.”

“तू चुकलास तो त्याच्यावर इस्वास ठेवलास म्हणून. लाव तू.”

धनेश खुर्चीवर बसला. चष्मा लावला. पान रिबिनीच्या मधोमध धरलं, किंचित तिरकं केलं. चपट्या तारा रिबिनीतून आरपार काढल्या आणि पाठीमागून एकेक करून वळवल्या, जुन्या घडीवरच, म्हणजे तुटायला नकोत. मोरू टेबलाच्या पलीकडं उभा होता. त्याला कुणी बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

तो वाकून बघत होता. पान मध्यापासून सरकलंय का? नाही. कोन चुकलाय का? नाही. रिबीन चुरगळली? नाही. देठाची बाजू? बरोबर. डाव्या डोळ्यानं बघितलं, उजव्या डोळ्यानं बघितलं. सूतभरही चूक नव्हती. इतकी वर्षं गाळ्यात बसून जे काम आपल्याशिवाय कुणाला येत नाही म्हणून सांगितलं, ते त्या चष्मेवाल्याच्या हातून त्याच्या डोळ्यांदेखत झालं, आणि ते काम चांगलं होतं.

गिरजाबाईनं रिबीन हातात घेतली आणि पानावरून अंगठा फिरवला. शिरा बोटाला लागल्या तशी ती हसली. “बापूस असा खरखरीत होता,” ती म्हणाली. लोक तिच्याभोवती जमले.

मोरूच्या डोळ्यांना पाणी आलं. हैबतरावला दया आली, त्यानं खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “जाऊ दे मोरू, पश्चात्ताप झाला ना, मग झालं.” मोरूनं मान हलवली. गणेशची आठवण त्याला पुढं गाडीत आली, नागोठण्याच्या आसपास, आणि मग पेण येईपर्यंत ती डोक्यातून हलली नाही. पण हॉलमधलं ते पाणी गणेशचं नव्हतं. ते पान धनेशनं बिनचूक बसवलं, म्हणून आलं होतं.